डायरबाईंचं उरलेलं तेल

१

ते १९७९ साल होतं. तेलाच्या भावानं त्या वर्षी सगळ्यांना रडवलं. वसंतात टाकी भरून घेतलेल्या माणसाला शरद ऋतूत शेजारी हेव्यानं बघायचे, जणू त्यानं तेल नव्हे, जमीनच घेऊन ठेवली होती. हॅस्कल्स कोव्हसारख्या, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावात तर कुणाच्या टाकीत किती तेल आहे, हे कुणाच्या घरी पाहुणे आले यापेक्षा जास्त बोललं जायचं.

त्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी व्हर्ना क्रॉली काकवीची बिस्किटं ओव्हनमधून काढत होती, तेवढ्यात मर्ल लूक मागच्या दारानं आत आला. मर्ल तेलाचा ट्रक चालवायचा आणि घरं गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्ट्याही दुरुस्त करायचा. त्याच्या हातात काचेची बरणी होती.

"व्हर्नामावशी, हे बघा."

"काय आहे?"

"पिंकहॅमच्या भट्टीतून निघालं. काल दुपारी पेटवून दिली, पहाटे विझली. त्यांची तान्ही पोरगी थंडीनं निळी पडली होती, तिला घेऊन तिची आई जॉइस शेजारच्या एल्विन अ‍ॅलीच्या घरी जाऊन बसलीय. मी गाळणी उघडली तर हे."

बरणीत वर तेलाचा पातळ पापुद्रा होता. खाली सगळं पाणी.

व्हर्नानं हातातला ट्रे खाली ठेवला. कालच, शुक्रवारी, चौघांदेखत तिनं स्वतः त्या टाकीत काठी घातली होती.

व्हर्ना ही गावाची लाकूडमापणी. दर मार्चच्या गावसभेत हे पद पुकारलं जायचं आणि लोक हसायचे, कारण सरपणाचे ढीग मोजून घ्यायला आता कुणी बोलवत नव्हतं. तिच्या वडिलांच्या वेळी ती मोठी मानाची गोष्ट होती. पण एक काम अजून तिच्याकडेच यायचं. जुना भाडेकरू घर सोडताना टाकीत तेल ठेवून गेला, तर ते त्याचंच राहायचं. घर रिकामं असो, वर्ष उलटो, तेल त्याचं. घर सोडताना एकदा आणि नवा भाडेकरू आला की पुन्हा, व्हर्ना पितळी टोकाची काठी टाकीत घालायची, ओली खूण कुठवर आली ते सगळ्यांना दाखवायची, आणि मग नवा जुन्याला त्या दिवसाच्या भावानं पैसे द्यायचा. घरमालकानं फक्त उभं राहून बघायचं. कागद नाही, सही नाही. व्हर्नानं सांगितलं म्हणजे झालं.

काल नव्या भाडेकरूनं, रोलंड पिंकहॅमनं, सार्डिन मासळीच्या कारखान्यातला पहिला पगार हाती यायच्या आधीच, बायकोच्या आईकडून आणलेले पैसे मोजून गावच्या शिक्षिकेच्या, लिओना डायरच्या हातावर ठेवले होते.

"मर्ल," व्हर्ना म्हणाली, "हे अजून कुणाला दाखवलंस?"

मर्ल बिस्किटांकडे बघत राहिला. "दुकानात थांबलो होतो जरा."

म्हणजे गावभर झालं होतं.

२

दुपारपर्यंत दुकानात निकालही लागून गेला होता. डायरबाईंनी तेल विकून खाल्लं आणि पाणी भरून ठेवलं. भाव दुप्पट झाला, मोह आवरला नाही. बाई बाहेरगावची, आतल्या डोंगराळ भागातली. तिथले लोक कसे असतात कुणाला माहीत.

"माझ्या नातवंडाला हिशेब शिकवते ती," दुकानदारीण काउंटरवरचं पीठ पुसत म्हणाली. "आता कळलं कुठला हिशेब."

मंगळवारी शाळा समितीची बैठक होती. तिघेजण समितीवर, आणि लिओनाला ठेवायचं की काढायचं हे तिथेच ठरणार, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं. तिथून काढलेल्या शिक्षिकेला दुसरीकडे कुणी उभं करत नसे.

व्हर्ना तिच्याकडे गेली तेव्हा लिओना कोट घालूनच बसली होती. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत जूनपासून ती राहत होती. आईच्या आजारपणात मोठं घर परवडेना म्हणून तिनं कॅरल बीलचं धक्क्यावरचं घर सोडलं होतं. या खोल्यांना चर्चचीच ऊब मिळायची, आणि चर्च रविवारखेरीज फारसं तापवत नसे.

"तुम्हीसुद्धा विचारायलाच आलात ना, मावशी?"

"हो," व्हर्ना म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पैसे परत देता येतील का तुला?"

"आईच्या औषधवाल्याकडे गेले. काल संध्याकाळीच." लिओनानं हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले. "पण परत का देऊ? एप्रिलमध्ये मर्लनं टाकी भरली. मे महिना मी तेच तेल जाळलं. भट्टी एकदाही विझली नाही. जूनमध्ये तुम्हीच काठी घातलीत."

"घातली होती."

"खूण कुठवर होती?"

"काठीच्या वरच्या गाठीच्या बोटभर खाली."

"आणि काल?"

"तिथेच."

"मग?" लिओना म्हणाली. "मध्ये काय झालं ते मला विचारताहेत. मी इथे होते. माझ्याकडे गाडी नाही, पिंप नाही, ते तेल घेऊन मी काय सूप करणार होते?"

व्हर्नाला हसू आलं, पण लिओना हसत नव्हती.

"काल वर्गात कुणीतरी फळ्यावर टाकी काढली," ती म्हणाली. "आत मासे."

"काल? काल तर अजून काही कळलंच नव्हतं."

"आज सकाळी. शनिवारचा जादा तास होता. दिवसच कळेनासे झालेत मला."

व्हर्ना घरी आली. लिओना चुकून 'काल' म्हणाली की तोंडातून खरं निसटलं, हे तिला ठरवता येईना, आणि येईना याचा तिला राग आला. बाईला ती चार वर्षं ओळखत होती. चार वर्षं म्हणजे तशी काहीच नाहीत.

मर्लची बरणी ओट्यावर तशीच होती. तेलाचा पापुद्रा तिनं चमच्यानं बाजूला केला, करंगळी खालच्या पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली.

तेलाची घाण चव होतीच. पण तिच्या मागून दुसरी चव आली, जी त्या गावातलं पोरही डोळे मिटून ओळखेल.

पाणी समुद्राचं होतं.

३

कॅरल बील त्या घराचा मालक होता, त्याखालच्या धक्क्याचा मालक होता, आणि शाळा समितीच्या तिघांपैकी एक. गावातले निम्मे मच्छीमार आपली शेवंडं त्याला विकायचे. धक्क्यावर त्याच्या लाकडी टाक्या होत्या, शेवंडं त्यांत जिवंत राहावीत म्हणून समुद्राचं पाणी पंपानं सारखं खेळवलेलं. जवळच बोटींना तेल देणारा त्याचा पंप.

त्याच्या स्वयंपाकघरात घाम फुटेल इतकं गरम होतं. काळी लोखंडी शेगडी लाल व्हायच्या बेतात आली होती. कॅरलनं आयुष्यात तेलावर घर तापवलं नव्हतं आणि तापवणाऱ्यांची टिंगल करायची एकही संधी सोडली नव्हती.

"ये व्हर्ना, बस. कोट काढ, नाहीतर शिजशील."

"कॅरल, तुझ्या घरात चाललंय काय?"

"माझ्या घरात?" तो हसला. "तेल तिचं, पैसे त्याचे, काठी तुझी. मी कोण? मी काल नुसता उभा होतो."

"तू समितीवर आहेस."

"म्हणून तर तोंड मिटून बसलोय." त्यानं शेगडीत ओंडका सरकवला. "बाई वाईट नाही. पण लोक चिडलेत, व्हर्ना. तान्ह्या पोरीचा प्रश्न आहे. मी एकटा काय करणार?"

"रिकाम्या घराकडे कुणी येताजाताना दिसलं का उन्हाळ्यात?"

"टाकी उघड्यावर, घराच्या मागे. कोणीही यावं. मी धक्क्यावर असतो, पाठीला डोळे नाहीत मला." तो जरा थांबला. "मला विचारशील तर मर्लला धर. वर चांगलं हातभर तेल असताना भट्टी पहिल्याच दिवशी विझते कशी? महिनाभर तरी सुखानं जळायला हवी होती. त्यानंच काहीतरी बिघडवून ठेवलं असणार, आणि आता पाण्याच्या नावानं बोंब."

व्हर्नाला ते पटलं नाही, पण उडवूनही लावता येईना. मर्लनं बरणी आधी दुकानात का नेली, तिच्याकडे का नाही, हे तिला सकाळपासून टोचत होतं.

ती दारात पोचल्यावर कॅरल मागून म्हणाला, "एल्विन अ‍ॅलीला विचार. जुलैत सगळ्यांच्या डिझेलच्या बोटी बांधून पडल्या होत्या, तेव्हा तो एकटा रोज समुद्रावर जात होता. कशावर चालवत होता बोट? प्रार्थनेवर?"

४

हे व्हर्नाला सुचायला हवं होतं. घर तापवायचं तेल आणि डिझेलच्या बोटीचं तेल यांत काडीचा फरक नसतो. जुलैत मुख्य रस्त्यानं येणारा टँकर आलाच नाही, धक्क्यावरचा पंप कोरडा पडला. गावातल्या बहुतेक बोटी तेव्हा जुन्या मोटारींच्या पेट्रोल इंजिनावर चालायच्या, डिझेलच्या दोन-तीनच. त्या बांधून पडल्या. एल्विनची मात्र पहाटे निघत होती. तिच्या डेक धुवायच्या पंपानं समुद्राचं पाणी हवं तितकं वर ओढता आलं असतं. आणि एल्विन त्या रिकाम्या घराचा शेजारी.

एल्विन शेडमध्ये पिंजऱ्यांच्या दोऱ्या बदलत होता. आतल्या घरातून पिंकहॅमच्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं. ते ऐकून व्हर्नाला जरा बरं वाटलं, कारण रडणं दणदणीत होतं.

"एल्विन, जुलैत तेल कुठून आणलंस?"

त्यानं दोरीवरून नजर वर केली नाही. "कुणाला पाहिजे हे?"

"मला."

"तुम्ही लाकडं मोजा, मावशी."

"मोजते की. हा ओंडका हलत नाही म्हणून विचारतेय."

एल्विननं सुरी लाकडात रोवली. मग तो म्हणाला, "सकाळपासून मी पण हाच विचार करतोय. विकत घेतलं होतं हो मी. रोख पैसे देऊन. पिंपातून."

"कुणाच्या?"

"सांगितलं तर माझी शेवंडं कोण घेणार?"

"सांगितलं नाहीस तर बाईची नोकरी जाणार. तुझ्या थोरल्याला वाचायला शिकवलं तिनं. तिच्या आधीच्या शिक्षकांनी हात टेकले होते."

एल्विनचे कान लाल झाले. "कॅरलच्या," तो म्हणाला. "म्हणाला, शहरातल्या ओळखीच्या माणसाकडून तीन-चार पिंपं मिळालीत. कुणाला बोलू नको, सगळ्यांना पुरणार नाहीत. पलीकडच्या गावातल्या शेवंडांच्या खरेदीदारानं माझ्या मागे धोशा लावला होता ना, त्याच्याकडे तेल होतं. मी त्याच्याकडे जायला कॅरलला नको होतं."

शेडच्या दारात कुणीतरी उभं होतं. दोघांनी एकदमच मागे बघितलं.

५

दारात मर्ल होता, कोपरापर्यंत तेलात बुडालेला.

"मावशी, तुम्हाला शोधत होतो. टाकी सगळी उपसली. रोलंडला माझ्या ट्रकमधून थोडं तेल घालून दिलंय, रात्री भट्टी पेटेल."

"पैसे?"

"बघू नंतर."

व्हर्ना त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. "मर्ल, जुलैत शहरात कुणाला पिंपानं तेल मिळत होतं?"

"पिंपानं? माझाच ट्रक अर्धा भरून परत पाठवायचे. म्हाताऱ्या माणसांना 'थांबा' सांगून माझं तोंड दुखलं त्या महिन्यात."

एल्विननं दोरी खाली टाकली.

"आणि टाकीत काय निघालं?"

"खाली पाणीच पाणी. वर हातभर तेल. खाली गाळणीत दिसत नव्हतं, पण होतं."

व्हर्ना शेडमधल्या उलट्या पेटीवर बसली.

"मर्ल, हे तू कुणाला सांगितलंस? वर हातभर तेल होतं ते?"

"कुणाला सांगू? आत्ता तर उपसलं. सकाळी मला कुठं माहीत होतं? गाळणी खाली असते. वर काय आहे ते वरून थोडंच दिसतं?"

६

मंगळवारी शाळेत, मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन निम्मं गाव बसलं होतं. समितीचे तिघे पुढच्या टेबलामागे. लिओना खिडकीशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि वर्ग तिचाच होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला तेव्हा व्हर्ना उठली.

"मला बोलायचंय. काठी माझी होती."

"बोला, मावशी."

"एप्रिलमध्ये मर्लनं टाकी भरली. मे महिना भट्टी नीट चालली. म्हणजे जूनमध्ये मी काठी घातली तेव्हा टाकीत तेल होतं, पाणी नव्हतं. पाणी असतं तर भट्टी तेव्हाच विझली असती. म्हणजे तेल नंतर गेलं, आणि त्याच्या जागी पाणी नंतर आलं. समुद्राचं पाणी. मी चाखलंय. मर्लनंही चाखलं, रविवारी दिवसभर थुंकत होता."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अर्धी टाकी पाणी खडकांवरून बादल्यांनी वाहायचं म्हटलं तर सगळं बंदर बघत बसलं असतं. त्याला पंप लागतो. पंप धक्क्यावर आहे, आणि एल्विनच्या बोटीवर आहे. आता, पाणी कुठवर भरलं? जूनच्या खुणेपर्यंत. ना वर, ना खाली. लिओनाला लुबाडायचंच असतं तर तिनं टाकी गच्च भरली असती, तेवढे जास्त पैसे. हे भरणाऱ्याला जास्त काही नको होतं. त्याला एवढंच हवं होतं की काठी जूनमध्ये बोलली तेच परत बोलावी. म्हणजे तेल गेल्याचं लिओनाला कळू नये. जूनची खूण बघायला तिथे चौघं होतो. लिओना, मी, मर्ल आणि कॅरल. एल्विन त्या दिवशी समुद्रावर होता."

"मग मर्ल," कॅरल म्हणाला. आवाज शांत होता.

"मी?" मर्ल म्हणाला. "माझ्या ट्रकात तेल असतं, कॅरल. आणि पाण्यानं भट्टी विझली की पहाटे मलाच उठवतात."

"मर्लला ठाऊक आहे की भट्टीची नळी टाकीच्या तळाशी असते," व्हर्ना म्हणाली. "इथे तेलावर घर तापवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी तळाशी बसतं, म्हणून आधी पाणीच भट्टीत जातं. नळीत उरलेलं जुनं तेल संपलं की संपलं. ज्यानं हे केलं त्याला वाटलं, तेल वर तरंगतंय, तर आधी तेलच जळेल. नाताळपर्यंत निभेल, तोवर गुपचूप भरून टाकू. असं कुणाला वाटेल? ज्यानं जन्मभर लाकूड जाळलं, त्याला."

आता सगळ्यांची डोकी एकाच दिशेला वळली होती.

"शनिवारी मी तुझ्याकडे आले, कॅरल. तू म्हणालास, वर हातभर तेल असताना भट्टी विझते कशी. मर्लनं टाकी उपसली नव्हती तेव्हा. वर किती तेल आहे हे गावात एकाही माणसाला माहीत नव्हतं. तुला होतं."

कॅरलनं टेबलावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"जुलैत माझा पंप कोरडा पडला," तो अखेर म्हणाला. "पलीकडचा माझी माणसं नेत होता एकेक करून. वडिलांनी बांधलेला धक्का. ती टाकी नुसती भरून उभी होती, रोज डोळ्यांसमोर. महिन्याभरात परत भरणार होतो. मग भाव बघितलास ना कुठे गेला? आणि घर इतक्या लवकर भाड्यानं जाईल असं वाटलं नव्हतं."

"ते सगळं मला समजतं," लिओना खिडकीजवळून म्हणाली. सगळे दचकले, ती तिथे आहे हे जणू विसरूनच गेले होते. "पण शनिवारी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी आज तुम्ही मला काढायला येऊन बसलात."

कॅरल उठला, टोपी घेतली आणि बाकांमधून वाट काढत बाहेर गेला. कुणी पाय मागे घेतले नाहीत. त्याला प्रत्येकाला ओलांडत जावं लागलं.

उरलेल्या दोघांनी लिओनाला कायम ठेवायचं ठरवलं. दुकानदारीण टाळ्या वाजवायला लागली आणि आपण एकटीच वाजवतोय हे लक्षात आल्यावर थांबली.

७

कॅरलनं टाकी भरून दिली, पिंकहॅमचे पैसे दिले आणि समिती सोडली. पोलिसांत कुणी गेलं नाही. त्या काळी तिकडे जायची पद्धत नव्हती. मच्छीमार वर्षभरात पलीकडे गेले, एल्विन सगळ्यात शेवटी. धक्का विकला गेला. कॅरल पुढे बरीच वर्षं जगला, लाकडं फोडत. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात सरपण आणून रचून द्यायचं काम मर्लनं केलं आणि त्याबद्दल विचारलेलं त्याला खपत नसे.

एल्विननं बोटीला मुलीचं नाव दिलं आणि मुलानं ती पुढे चालवली. पिंकहॅम मंडळी त्या घरात टिकली. जॉइस अजून तिथेच आहे. थंडीनं निळी पडलेली ती पोरगी तीन मुलांची आई झाली आणि त्या दिवसाबद्दल तिला काडीचंही आठवत नाही. दुकान बंद झालं.

व्हर्ना नव्वदीपर्यंत लाकूडमापणी राहिली. काठीच्या टोकाला ती आता बोटवाल्यांचं ते मलम लावायची, पाणी लागलं की रंग बदलणारं. भाडेकरू कितीही ओळखीचा असला तरी लावायचीच. गावसभेत तिचं नाव पुकारल्यावर कुणी हसेनासं झालं, आणि त्याची तिला थोडी चुटपूट लागून राहिली होती.

लिओनानं जूनपर्यंत शिकवलं. शेवटच्या दिवशी फळा पुसला, किल्ली अध्यक्षांकडे दिली आणि आईला घेऊन व्हर्मॉन्टला गेली. तिथल्या शाळेत तिनं जन्म काढला. बऱ्याच वर्षांनी व्हर्ना एकदा तिला भेटायला गेली होती. लिओनानं कॉफी केली, केक कापला, आणि हॅस्कल्स कोव्हच्या त्या वर्गातल्या एकेका मुलाची नावानिशी चौकशी केली. एल्विनच्या थोरल्याची, दुकानदारिणीच्या नातवंडाची, फळ्यावर टाकी काढणाऱ्याचीसुद्धा. संध्याकाळची बस येईपर्यंत दोघी बोलत होत्या. मोठ्या माणसांपैकी एकाचंही नाव तिनं काढलं नाही.